आधी बूड बघा, मग तोंड

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये अडीचशेहून अधिक वर्षं माणसांच्या रूपाचे चिनीमातीचे जग बनत आले आहेत. राजकारणी, सेनापती, राजे, कुणीच त्यातून सुटलेलं नाही. या जगांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. (जग म्हणजे पाणी वाढायचा जग. उरलेल्या जगासाठी मासिकात इतर सदरं आहेत.)

प्रश्न : मुलानं लंडनच्या एका धर्मादाय दुकानातून बसलेल्या चर्चिलचा जग आणला. बुडावर रॉयल डॉल्टन या इंग्रज चिनीमाती कारखान्याचा शिक्का आहे. दुकानातल्या बाई त्याला 'टोबी' म्हणाल्या, नेटवर 'कॅरेक्टर जग' असंही दिसतं. दोन्ही एकच का? आणि हा दुर्मीळ आहे का? (ठाणे)

एकच नाहीत. टोबी म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस, बहुधा बसलेला. कॅरेक्टर जग म्हणजे नुसतं डोकं, फार तर खांद्यापर्यंत. टोबी आधीचा. १७६० च्या दशकात स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेमच्या राल्फ वुड घराण्यानं हे जग घडवले. त्यात हातात बिअरचा पेला घेतलेला जाडजूड माणूस असे. त्याच्या तीनकोनी टोपीच्या टोकांतून पेय ओतायचं. नाव आलं ते १७६१ साली छापलेल्या एका मद्यगीतातल्या टोबी फिलपॉटवरून, असं बहुतेक मानतात. गीतात हा गृहस्थ पिऊन पिऊन मरतो, त्याच्या देहाची माती होते आणि कुंभार त्या मातीचा जग घडवतो.

कॅरेक्टर जग मात्र विसाव्या शतकातला. डॉल्टनच्या चार्ल्स नोकनं १९३४ साली 'जॉन बार्लीकॉर्न' काढला आणि तिथून ही मालिका सुरू झाली. उंची अशी : मोठा साधारण सव्वापाच ते साडेसात इंच, छोटा सव्वातीन ते चार, मिनिएचर सव्वादोन ते अडीच, आणि टायनी जेमतेम सव्वा इंच.

तुमचा बसलेला चर्चिल हा हॅरी फेंटननं घडवलेला टोबी. नऊ, साडेपाच आणि चार इंच अशा तीन उंचींत तो निघाला आणि १९४१ ते १९९१ अशी पन्नास वर्षं बनत राहिला. जी वस्तू अर्धं शतक कारखान्यातून बाहेर पडत होती, ती दुर्मीळ कशी असेल? कपाटात ठेवायला उत्तम आहे. पण कुणी 'युद्धकाळातला, दुर्मीळ' म्हणून भाव वाढवला तर मान डोलवू नका.

प्रश्न : एक विक्रेता '१९४० चा पांढरा चर्चिल' विकतोय आणि तो खरोखरच दुर्मीळ असल्याचं सांगतोय. फोटोवरून काय तपासावं? (पुणे)

या वेळी 'दुर्मीळ' हा शब्द बरोबर आहे, म्हणूनच जपून. डॉल्टननं १९४० साली चर्चिलचा पांढरट, दोन कानांचा (धरायच्या दोन मुठींचा) जग काढला. नमुना क्रमांक डी ६१७०, चेहरा नोकनं घडवलेला. वर्षभरातच, १९४१ मध्ये, तो मागे घेतला गेला. चर्चिलना स्वतःचं ते रूप आवडलं नाही, असं संग्राहकांत सांगतात. बुडावर मोठा मजकूर असतो : ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन स्पेन्सर चर्चिल, १९४०, आणि हा 'लव्हिंग कप' (दोन कानांचा मानाचा पेला) ब्रिटनच्या लढाईच्या काळात एका थोर नेत्याला मानवंदना म्हणून घडवला, अशा आशयाचा.

तोंडाचे दहा फोटो असतील आणि बुडाचा एकही नसेल, तर तिथेच थांबा. बुडाचा सरळ वरून काढलेला फोटो मागवा. शेजारी मोजपट्टी ठेवून उंचीचाही मागवा. मोजपट्टी का? नक्कल करणारा नवी मूर्ती घडवत बसत नाही. तो तयार जगावरच प्लास्टरचा साचा घेतो आणि त्यात माती ओततो. ही माती सुकताना आणि भाजताना आठ ते दहा टक्के आक्रसते. म्हणजे सात इंची जगाची नक्कल सहा पूर्णांक तीन ते साडेसहाच्या आत भरते. उंची लपवता येत नाही. शिवाय साच्याचा साचा घेतला की बारकावे बुजतात : पापणीची कड, ओठांच्या कोपऱ्यातली खाच, चेहऱ्याच्या कानामागची रेघ. अस्सल जगात या जागा टोकदार असतात, नकलेत साबणाची वडी झिजल्यासारख्या.

मात्र मऊ चेहरा म्हणजे हमखास नक्कल, असंही नाही. प्लास्टरचा साचा ओतणीगणिक झिजतो. कारखान्यातही साचा बदलायच्या आधीचे शेवटचे जग पहिल्यांपेक्षा बोथट येतात. म्हणून उंची, शिक्का आणि बारकावे या तिन्ही गोष्टी एकत्र बघा. शिक्का ग्लेझच्या, म्हणजे वरच्या चकचकीत झिलईच्या, खाली हवा. नख फिरवल्यावर शिक्क्याची कड बोटाला लागली, तर तो नंतर चिकटवलेला आहे.

प्रश्न : शिक्क्यावरून साल कसं काढायचं? आमच्या जगावर 'डी' अक्षर आणि चार आकडे आहेत, कॉपीराइटचं सालही आहे. (बडोदा)

'डी' पुढचा आकडा हा नमुन्याचा क्रमांक, सालाशी त्याचा संबंध नाही. कॉपीराइटचं सालही नमुन्याची नोंद कधी झाली एवढंच सांगतं. १९४० ची नोंद असलेला जग १९७५ मध्ये भट्टीतून निघालेला असू शकतो, आणि बहुतेक फसगत इथेच होते. सिंह आणि मुकुटाच्या शिक्क्याच्या उजव्या हाताला एखादा बारीक आकडा दिसतो का बघा. असला तर त्यात १९२७ मिळवा. १४ असेल तर १९४१. आकडा नसेल तर या वाटेनं साल निघत नाही.

आणखी एक पाहा. शिक्क्यावर आडवा ओरखडा असेल किंवा शिक्क्यात बारीक भोक पाडलेलं असेल, तर तो कारखान्यानंच दुय्यम ठरवलेला माल आहे. दोष कुठे आहे ते कधीकधी शोधूनही सापडत नाही, पण किंमत पहिल्या प्रतीची देऊ नका.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात फौजेत होते. घरात मिशाळ लष्करी अधिकाऱ्याचा टोबी जग आहे, त्यावर इंग्रजीत 'बिटर फॉर द कैसर' लिहिलंय. हा कोण? अमेरिकेतला पुतण्या तो घेऊन जायचं म्हणतोय. (कोल्हापूर)

हा लॉर्ड किचनेर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती आणि महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनचा युद्धमंत्री. तुमच्या हातात आहे तो व्यंगचित्रकार सर फ्रान्सिस करदर्स गूल्ड यांनी घडवलेल्या अकरा टोबींपैकी एक. बर्स्लेमच्या विल्किन्सन कारखान्यानं ते महायुद्धाच्या वर्षांत बनवले आणि लंडनच्या सोन अँड स्मिथ या दुकानानं विकले. बुडावर ही नावं आणि गूल्ड यांची सही छापलेली असते, ती पडताळा.

या संचाची खरी गंमत चेहऱ्यांपेक्षा लिहिलेल्या शब्दांत आहे. किचनेरच्या हातातल्या भांड्यावर जे लिहिलंय, त्यातलं 'बिटर' म्हणजे इंग्रजांची कडवट बिअर, आणि जर्मन सम्राटाला पाजायचा कडू घोटही तोच. ब्रिटिश राजकारणी लॉइड जॉर्जच्या जगावर आहे 'शेल आउट'. ते १९१५ मध्ये दारूगोळामंत्री झाले होते, तेव्हा अर्थ 'तोफगोळे काढा'. पण इंग्रजी बोलीत 'शेल आउट' म्हणजे 'खिशातून पैसे काढा', आणि दारूगोळामंत्री होण्यापूर्वी हेच गृहस्थ अर्थखातं सांभाळत होते! फ्रेंच सेनापती जोफ्रच्या जगावर '७५ मिमी' आणि फ्रेंचमध्ये 'स क जोफ्र', म्हणजे 'मी देऊ करतो ते'. ७५ मिलिमीटर ही फ्रेंच मैदानी तोफ, आणि 'जोफ्र' मध्ये त्यांचं आडनावही बसलं. नौदलाचे जेलिको आणि बीटी, सेनापती सर जॉन फ्रेंच, हेग, फॉश आणि बोथा, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आणि राजा पाचवा जॉर्ज हे बाकीचे. किचनेर जून १९१६ मध्ये जहाजासह समुद्रात बुडाले. त्यामुळे विनोद म्हणून घेतलेला जग अनेक घरांत आठवण म्हणून जपला गेला.

आता पुतण्या. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षं जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू 'पुरावशेष' ठरते, आणि ती देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे, खाजगी माणसाला नाही. वस्तू मुळात कुठल्या देशात बनली, असा भेद व्याख्येत केलेला नाही. तुमचा जग शंभरी ओलांडून गेला आहे. सामानात गुंडाळून नेणं म्हणजे विमानतळावर जग जाईल आणि पुतण्या खुलासे देत बसेल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळ कार्यालयात जाऊन आधी विचारा. ज्यांचे जग १९४० नंतरचे आहेत, त्यांनी तिथूनच 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा. जुन्या दिसणाऱ्या वस्तूवरून तपासनाक्यावर होणारी हुज्जत त्यानं वाचते.

प्रश्न : डॉल्टनचे नेते इतके गुळमुळीत का दिसतात? व्यंग म्हणावं असं त्यांत काहीच नसतं. (नाशिक)

तक्रार रास्त आहे. मोठ्या कारखान्याला एकच जग दोन्ही पक्षांच्या लोकांना विकायचा असतो, म्हणून चेहरा सभ्य राहतो आणि खोडी काढायची ती कानात, म्हणजे मुठीत. डॉल्टनचा जग बघताना कान आधी वाचावा. १९९२ च्या चर्चिलचा कान बुलडॉग आणि ब्रिटिश झेंड्याचा आहे. १९८० च्या दशकात त्यांनी एका जगाला दोन तोंडं देऊन पाहिली : १९८६ च्या जगात एका बाजूला राजा तिसरा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन. संख्या ९,५०० पुरती मर्यादित. कुठलं तोंड भिंतीकडे ठेवायचं ते मालकानं ठरवावं, ही कल्पना आम्हाला सर्वांत हुशार वाटते.

सभ्यपणा नेहमी खपतो असंही नाही. १९८४ चा रोनाल्ड रेगन ५,००० नगांसाठी जाहीर झाला आणि सुमारे २,००० वर थांबला. 'मर्यादित आवृत्ती' म्हणजे वरची सीमा, तितके बनलेच असं नव्हे. इथे विक्री थंडावल्यामुळे जग दुर्मीळ झाला.

खरं बोचरं काम पाहायचं तर मागे जा. १८३२ च्या मतदान सुधारणा कायद्याच्या धामधुमीत लंडनच्या लॅम्बेथमध्ये डॉल्टन अँड वॉट्सनं आणि इतर कारखान्यांनी तपकिरी, मिठाच्या झिलईच्या दारूच्या बाटल्या काढल्या. राजा चौथा विल्यम, पंतप्रधान लॉर्ड ग्रे, त्यांचे मंत्री लॉर्ड ब्रूम यांची डोकी वर, पोटावर लिहिलेलं 'द ट्रू स्पिरिट ऑफ रिफॉर्म', आणि आत जिन! 'स्पिरिट' चे दोन्ही अर्थ, चैतन्य आणि दारू, एका घोटात. किंवा पुढे या : फ्लक आणि लॉ या व्यंगशिल्पकारांच्या जोडीची मार्गारेट थॅचर. ती मात्र जग नसून चहाची किटली आहे आणि चहा नाकातून येतो.

प्रश्न : माझा छोटा सिरॅमिक स्टुडिओ आहे. असा जग ओतणीनं बनवायचाय, पण नाकात पोकळी राहते आणि कान जोडाशी तडकतो. (पुणे)

मूळ मूर्तीपासून सुरुवात करू. तयार जग १८ सेंटिमीटरचा हवा आणि तुमची माती एकूण आठ टक्के आक्रसत असेल, तर मूर्ती साडेएकोणीस सेंटिमीटरची करा. व्यंग वाढवताना एक भान ठेवा : नाक लांब चालतं, आत वळलेलं चालत नाही. हनुवटीखाली, चेहऱ्याच्या कानामागे, टोपीच्या कडेखाली साचा अडकेल अशी जागा राहिली, तर एक तर साच्याचा तुकडा वाढवा किंवा ती जागा मातीनं भरा. साध्या चेहऱ्याला पुढचा, मागचा आणि बुडाचा असे तीन तुकडे पुरतात, रुंद कडेच्या टोपीला चौथा लागतो. मूठ वेगळ्या साच्यात.

प्लास्टर १० किलोला पाणी ७ लिटर. प्लास्टर पाण्यात भुरभुरत टाका, पाणी प्लास्टरवर ओतू नका. दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न होऊ देता हातानं ढवळा. साचे सुकवताना उष्णता ४५ अंशांच्या आसपास ठेवा. ५० च्या पुढे प्लास्टर भुसभुशीत होऊ लागतं. पावसाळ्यात दिवसाला एकच ओतणी घ्या. ओला साचा पाणी शोषत नाही, आणि मग जग साच्यातून निघता निघत नाही.

स्लिपसाठी, म्हणजे साच्यात ओतायच्या पातळ मातीसाठी, १० किलो कोरड्या मातीला सुमारे सव्वाचार लिटर पाणी आणि ती प्रवाही करायला सुरुवातीला ३० ग्रॅम सोडियम सिलिकेट. एक लिटर स्लिपचं वजन पावणेदोन किलोच्या जवळ आलं पाहिजे. घट्ट वाटली म्हणून पाणी वाढवायचा मोह होतो. तसं केलं की आक्रसणं वाढतं आणि तडे येतात. सिलिकेट थेंबाथेंबानं वाढवा, पण बेतानं. ते जास्त झालं तर जग ठिसूळ होतो आणि साच्याला धरून बसतो.

आता नाकाची पोकळी. दोन कारणं असतात. एक, हवा. स्लिप धबाधबा ओतली की नाकाच्या टोकाशी हवा कोंडते. साचा नाक वर येईल असा तिरपा धरा, बारीक धारेनं ओता, अर्धा भरल्यावर थांबून साच्याला बाहेरून चार थापट्या मारा, मग सरळ करून उरलेलं भरा. दुसरं कारण, नाक खरंच पोकळ असतं. साच्याच्या आतून जमणारी मातीची भिंत पाच मिलिमीटरची झाली (साधारण १५ ते २० मिनिटं) की आपण स्लिप ओतून टाकतो, आणि लांब नाकात ती पूर्ण निथळत नाही. उरलेलं डबकं सुकताना आत ओढतं आणि बाहेर खड्डा दिसतो. साचा उलटा करताना पुन्हा नाकाची दिशा बघा, स्लिप नाकातून बाहेर यायला वाट हवी. टोपीत किंवा मुठीत बंद पोकळी राहत असेल तर टाचणीचं भोक ठेवा, नाहीतर भट्टीत ती फुटेल.

कान तडकतो कारण तो अंगापेक्षा आधी सुकलेला असतो. बारीक वस्तू लवकर सुकते, मग अंग आक्रसतं तेव्हा कान साथ देत नाही. दोन्ही एकाच दिवशी ओता, कान ओल्या फडक्यात ठेवा, दोन्ही चामड्यासारखे घट्ट झाले की जोडाच्या जागा खरवडून त्याच मातीच्या स्लिपनं जोडा. नंतर अख्खा जग दोन दिवस प्लास्टिकखाली. घाई केलीत तर तडा लगेच दिसणार नाही, भट्टीतून निघाल्यावर दिसेल.

कोरी (ग्लेझ देण्याआधीची) भाजणी सुमारे ११०० अंशांना, त्यावर ग्लेझखालचे रंग, मग पारदर्शक ग्लेझ देऊन १०५० ला. कोरी भाजणी कमी पडली तर माती दमट हवेतलं पाणी शोषत राहते, फुगते, आणि वरच्या ग्लेझला जाळीसारख्या चिरा पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लवकर उघडकीला येतं.

प्रश्न : टोपीची कड तुटली आहे. फेव्हिक्विकनं लावू का? (नागपूर)

नको. तो जोड सुटा करून पुन्हा नीट बसवायला फार त्रास होतो, आणि पहिल्या प्रयत्नात कड केसभर सरकलेलीच असते. संग्रहालयं सच्छिद्र मातीसाठी पॅरालॉइड बी-७२ हे ॲसिटोनमध्ये विरघळणारं चिकटद्रव्य वापरतात, कारण ते ॲसिटोननंच पुन्हा काढता येतं. पण नागपूरकरांसाठी एक अडचण आहे : ते ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. टोपीच्या चिपेला चालेल, कारण तिच्यावर भार नाही. कान किंवा बूड तुटलं असेल तर मे महिन्यात जोड हळूहळू घसरेल. अशा जोडाला इपॉक्सी लागते आणि ते काम जाणकाराकडे द्या. तुकडा हरवला नसेल तर तोवर तो कागदात गुंडाळून जगातच ठेवा.

विकत घेताना जुनी डागडुजी ओळखायची तर माठ घेताना करतो तेच करा : टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा किंवा जोड आहे. नंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवा. वरून रंगवलेली जागा मूळ ग्लेझपेक्षा वेगळी उजळते. कड आणि मुठीचे जोड आधी पाहा, मग टोपीची टोकं.

प्रश्न : यातून सरबत प्यायलं तर चालेल का? (मडगाव)

कोकम, लिंबू, कैरी, काहीही आंबट नको. जुन्या जगांच्या ग्लेझमध्ये शिसं असतं आणि आंबट पदार्थ ते सोडवून घेतो. चिरा पडलेल्या ग्लेझमधून रंग आत मुरतो तो वेगळाच. धुवायचा तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, डिशवॉशर नाही. उचलताना एक हात बुडाखाली घाला, कानाला धरून उचलू नका. फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेचा छोटा ग्लास बसवा, नऊ इंची चर्चिलमध्ये तो सहज मावतो.